सातबाऱ्याचं सॉफ्टवेअर बदललं, तुमची नोंद बरोबर उतरली का? जुना कागद काढा, नव्याशी जुळवा

विसरवाडी (ता. नवापूर) : शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेलं की आधारवर एक नाव आणि सातबाऱ्यावर दुसरंच, असा अनुभव बऱ्याच खातेदारांना येतो. कुणाच्या वडिलांच्या नावातली वेलांटी चुकलेली असते, कुणाचं आडनावच गळालेलं असतं, तर कुणाच्या क्षेत्राचा पॉइंट सरकलेला असतो. केंद्रावरचा पोरगा संगणकात असंच दिसतंय म्हणतो आणि हात वर करतो. खातेदाराला वाटतं, चूक आत्ता झाली. खरं तर अशी चूक अनेकदा वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची असते. हाताने लिहिलेला सातबारा संगणकात उतरवताना, किंवा जुन्या सॉफ्टवेअरमधून नव्यात नेताना ती झालेली असते. हे कसं होतं आणि दुरुस्त कसं करून घ्यायचं, याची ही माहिती.

आधी थोडं सातबाऱ्याबद्दल

गाव नमुना ७ म्हणजे जमीन कुणाच्या नावावर, किती आणि तिच्यावर काय बोजा किंवा हक्क आहे याची नोंद. गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही मिळून सातबारा. आठ-अ म्हणजे एका खात्यावरची सगळी जमीन. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, म्हणजे नाव का आणि कसं बदललं त्याचा इतिहास. सातबाऱ्यावर नावाजवळ गोलात जो आकडा असतो, तो याच फेरफाराचा नंबर. चूक शोधायला हा आकडा फार कामाचा आहे.

कागदावरून संगणकात, एका संगणकातून दुसऱ्यात

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्राची योजना १९८८-८९ साली आली. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात तलाठ्याच्या दप्तरातला हस्तलिखित सातबारा बघून बघून संगणकात टाइप केला गेला. ही माहिती तालुक्याच्या ठिकाणच्या संगणकात राहायची. तिथून प्रिंट निघायची आणि तलाठी सही-शिक्का द्यायचे.

२००८ साली केंद्राचा नवा कार्यक्रम आला. आता त्याला डिजिटल इंडिया भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम म्हणतात. त्यातून राज्याने ई-फेरफार प्रणाली उभी केली. तालुक्या-तालुक्यातली माहिती उचलून एका जागी, ऑनलाइन नेली. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची माहिती थेट तहसील आणि तलाठ्याच्या लॉगिनला जाऊ लागली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवू लागला. तलाठ्यांचं पदनामही आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे.

राज्यात ३५८ तालुके आणि सुमारे अडीच कोटी सातबारे. एवढी माहिती एका यंत्रणेतून दुसरीत न्यायची, तीही रोजची कामं चालू ठेवून. घर पाडून बांधायचं, पण त्यातच राहायचं, असा हा प्रकार.

चूक नेमकी कुठे होते?

एक, वाचताना. जुन्या दप्तरातली शाई पुसट, कुठे मोडी वळणाचं अक्षर, कुठे खाडाखोड. टाइप करणारा गावाबाहेरचा असला तर गावीत, वसावे, कोकणी ही आडनावं आणि पाड्यातली नावं त्याच्या कानाला नवी. वाटलं तसं टाइप झालं.

दोन, अक्षरं बदलताना. जुन्या सॉफ्टवेअरचा मराठी फॉन्ट वेगळा होता. आता सगळं युनिकोडमध्ये आहे. एकातून दुसऱ्यात नेताना काना, मात्रा, जोडाक्षर तुटू शकतं.

तीन, क्षेत्रात. ०.८० हेक्टर म्हणजे साधारण दोन एकर. पॉइंट सरकून ०.०८ झालं तर राहतात आठ गुंठे.

चार, शेरे गळताना. 'इतर हक्क' या रकान्यात बहिणींचा हक्क, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीचा हिस्सा असं बरंच काही असतं. आदिवासी खातेदाराच्या जमिनीवर महसूल कायद्याच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधनं असतात. शेरा गळाला म्हणून कायदा उठत नाही, पण समोरच्याला जमीन मोकळी दिसते आणि भानगड सुरू होते.

शासनालाही हे माहीत होतं. म्हणून २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचनाची मोहीम झाली. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा जुळवून, लोकांसमोर वाचून चुका काढायच्या, असा हेतू होता. उपाय बरोबरच होता. पण ज्या घरातली माणसं कामासाठी गुजरातेत गेलेली, त्यांचा सातबारा ऐकणार कोण? अशा घरातली चूक तशीच पुढे गेली असेल, तर आज तिच्यावर डिजिटल सही आहे.

परदेशातही हेच दुखणं

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपल्या सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर नेली. माहिती नीट हलली, पण नवी यंत्रणाच नीट चालेना. सुमारे १९ लाख लोकांना आपलं खातं उघडता येईना. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पाउंड दंड झाला.

तिथल्याच पोस्टात होरायझन नावाच्या सॉफ्टवेअरने हिशेबात खोटी तूट दाखवली. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक पोस्टचालक चोर ठरून दोषी धरले गेले. पैसे घेतले नाहीत म्हणून ते सांगत राहिले, पण संगणक चुकणार नाही असं सगळे धरून बसले. शेवटी २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या.

आपल्याकडे हे लक्षात घ्यायला हवं, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. म्हणजे चुकीची नोंदही आधी खरीच धरली जाते. ती चुकीची आहे हे खातेदारालाच दाखवून द्यावं लागतं. दाखवायचं कशाने? जुन्या कागदाने.

खातेदाराने काय करावं?

• महाभूलेखवर सातबारा फुकट बघता येतो, पण ती प्रत फक्त माहितीसाठी. कामासाठी १५ रुपये भरून डिजिटल सहीची प्रत काढा. तिच्यावर वेगळा सही-शिक्का लागत नाही.

• घरातला जुना सातबारा, खरेदीखत, वाटणीचा कागद काढा. १९९८ आधीच्या कागदावर जिल्हा धुळे असेल, त्याहून जुन्यावर पश्चिम खानदेश. तो कागद फेकू नका. तो आपलाच आहे. नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.

• नाव, क्षेत्र, गट नंबर, फेरफार नंबर, इतर हक्क, बोजा हे एकेक जुळवा. फेडलेल्या कर्जाचा बोजा अजून दिसतो का, तेही बघा.

• टायपिंगची किंवा उतरवतानाची चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. जुन्या कागदाची प्रत जोडा आणि पोच घ्या. वारस नोंद, बोजा कमी करणं अशा कामांसाठी ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो.

• मालकीचाच वाद असेल तर तो कलम १५५ मध्ये बसत नाही. फेरफाराच्या निर्णयावर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील असतं. त्याची मुदत ६० दिवस.

• 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावातल्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात. हरकतीला १५ दिवस मिळतात. बाहेरगावी असलेल्यांनी अधूनमधून मोबाइलवर बघत जावं.

• वनपट्टाधारकांनी पट्ट्याचं मूळ प्रमाणपत्र आणि नकाशा सांभाळून ठेवावा. फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवावेत.

आता सोसायट्यांची पाळी

विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला केंद्राने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. मंजुरीच्या वेळी ती देशातल्या ६३ हजार संस्थांसाठी २,५१६ कोटींची योजना होती. वहीतलं कर्ज, भाग भांडवल, भरणा हे सगळं संगणकात जाणार. म्हणून सभासदांनी आपल्या खात्याचा उतारा आत्ताच मागून घ्यावा आणि भरणा पावत्या जपाव्यात. संगणकात उतरल्यावर पुन्हा उतारा घ्यावा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत.

सॉफ्टवेअर यापुढेही बदलत राहणार. दर वेळी नोंद जुळवायला घरात कुणीतरी बसलंच पाहिजे. आजोबांना वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीने मोठ्याने वाचावं आणि आजोबांनी ऐकावं. कोणता बांध कुणाचा, हे त्यांनाच ठाऊक असतं.