नाद तीन, वाट एक: भोर, औंध आणि अंटार्क्टिका

एपिसोड कानात इअरफोन घालून ऐकला असेल तर उत्तम. वरंधा घाटात रेंज गेली म्हणून इथे वाचायला आला असाल, तर तेही उत्तम. नेहमीप्रमाणे बोललो तसंच लिहिलंय, फक्त मधले खोकले आणि 'अं… अं…' काढून टाकलेत.

आमच्या भोर-वेल्ह्यात माणसाला एखादा नाद असला तर कुणाला वावगं वाटत नाही. बैलगाड्याचा नाद, कुस्तीचा नाद, राजगड-तोरणा एका दमात करायचा नाद. 'नाद करायचा नाय' असं टी-शर्टवर छापून लोक फिरतात. पण माझे तीन नाद सांगितले की समोरचा गप्प होतो. पहिला, मॉडर्न आर्ट. दुसरा, ध्रुवावरच्या मोहिमा. तिसरा, छोट्या डिस्टिलरीत निगुतीने बनवलेली माल्ट व्हिस्की. जरा वेळ गप्प बसून झालं की ठरलेलं वाक्य येतं: "हे आपलं काम नाय गड्या, हे गोऱ्यांचे शौक."

आजचा एपिसोड या एका वाक्याबद्दल आहे. हे नाद खरंच 'आपले' नाहीत का? मी इतिहास धुंडाळत गेलो आणि वाट निघाली ती भोरपासून अडीच-तीन तासांवरच्या एका डोंगरावर.

आधी एक सूचना. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे, आणि पिण्याचा परवानाही लागतो. आपल्या ऐकणाऱ्यांतले बरेच जण पंचविशीच्या आतले आहेत. तेव्हा आज बाटली उघडायची ती फक्त इतिहासाची.

बर्फाखालच्या पेट्या

१९०७ साली अर्नेस्ट शॅकल्टन 'निमरॉड' नावाच्या जहाजातून अंटार्क्टिकाला निघाला. दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल आपलं पडावं, ही त्याची जिद्द. सामानात तंबू, घोडे, बिस्किटं, आणि मॅकिन्ले कंपनीच्या स्कॉच व्हिस्कीच्या २५ पेट्या. केप रॉइड्सला त्याने लाकडी झोपडी उभारली आणि तिथून ध्रुवाकडे कूच केलं.

९ जानेवारी १९०९. ध्रुव उरला होता साधारण १८० किलोमीटर. म्हणजे भोरहून मुंबईला जायला जेवढं अंतर पडतं, त्याहून थोडं कमीच. पण अन्न संपत आलेलं. पुढे गेलो तर पोहोचू, पण परत येणार नाही, हा हिशेब त्याला कळला आणि तो मागे फिरला. त्याची सगळी माणसं जिवंत परतली. मला या माणसाचं वेड लागलं ते या मागे फिरण्यामुळे.

व्हिस्कीच्या काही पेट्या मात्र तिथेच राहिल्या. झोपडीच्या फरशीखाली, बर्फात गोठलेल्या. शंभर वर्षांनी, २०१० मध्ये, न्यूझीलंडच्या वारसा जपणाऱ्या एका संस्थेने त्या बाहेर काढल्या. एक पेटी ख्राइस्टचर्चच्या संग्रहालयात हळूहळू वितळवली. आत अकरा बाटल्या, आणि व्हिस्की अजून द्रवरूप! २०११ मध्ये त्यातल्या तीन बाटल्या तपासणीसाठी स्कॉटलंडला गेल्या. कशातून? विजय मल्ल्याच्या खासगी विमानातून. कारण मॅकिन्लेचा ब्रँड तेव्हा ज्या स्कॉटिश कंपनीकडे होता, ती कंपनी मल्ल्याच्या समूहाने २००७ मध्ये विकत घेतली होती. प्रयोगशाळेत कळलं की अल्कोहोल ४७.३ टक्के, आणि चवीतला धूर ऑर्कनी बेटांवरच्या पीटचा. पीट म्हणजे दलदलीत कुजून साचलेला वनस्पतींचा थर. तो वाळवून जाळतात आणि त्या धुरावर मोड आलेलं जव सुकवतात.

तपासणी झाल्यावर बाटल्या पुन्हा अंटार्क्टिकात नेऊन ठेवल्या. विकल्या नाहीत, कुणी पार्टी केली नाही. ज्या जागेचा तो इतिहास, त्या जागी तो परत गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुरगावहून सरळ दक्षिणेला

आता तुम्ही म्हणाल, शॅकल्टन गोराच, स्कॉचही गोऱ्यांची, मल्ल्याचं विमान तेवढं आपलं. थांबा जरा.

६ डिसेंबर १९८१. गोव्याच्या मुरगाव बंदरातून 'पोलर सर्कल' नावाचं नॉर्वेचं भाड्याने घेतलेलं जहाज निघालं. कुठे चाललंय, याचा फारसा गाजावाजा नव्हता. जहाजावर डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जणांची भारतीय तुकडी. ती अंटार्क्टिकावर उतरली ९ जानेवारी १९८२ ला. तारीख पाहिलीत? शॅकल्टन ज्या दिवशी मागे फिरला, तोच दिवस, ७३ वर्षांनी.

दोन वर्षांनी, डिसेंबर १९८३ मध्ये, तिसरी मोहीम गोव्याहून निघाली. नेते होते हर्ष गुप्ता. याच मोहिमेने 'दक्षिण गंगोत्री' हे भारताचं अंटार्क्टिकावरचं पहिलं केंद्र उभारलं. आणि याच मोहिमेत पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया तिथे पोहोचल्या: भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि समुद्रवैज्ञानिक अदिती पंत. तेव्हा हे किती मोठं होतं ते समजायला एक गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या संशोधक स्त्रियांनाही अंटार्क्टिकाची वाट १९६९ मध्ये मोकळी झाली. तोवर 'तिथे बायकांची सोय नाही' असं कारण सांगितलं जायचं.

अदिती पंत गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम करायच्या. त्यांचा विषय म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती. डोळ्यांना न दिसणारं हे हिरवं जग सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं. ते खाऊन क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव जगतात, आणि क्रिलवर देवमासे. म्हणजे अंटार्क्टिकाच्या समुद्रातली सगळी पंगत या सूक्ष्म वनस्पतींच्या जिवावर बसते.

त्या या वाटेला लागल्या एका पुस्तकामुळे. पुण्यात बी.एस्सी. झाल्यावर ॲलिस्टर हार्डी या प्राणिशास्त्रज्ञाचं 'द ओपन सी' त्यांच्या हातात पडलं. मग हवाई विद्यापीठ, मग लंडनची पीएच.डी., मग गोवा. आणि हा हार्डी कोण? १९२५ ते २७ मध्ये 'डिस्कव्हरी' जहाजावरून स्वतः अंटार्क्टिकाच्या समुद्रात फिरून आलेला माणूस. शिवाय जलरंगात चित्रं काढणारा. त्या पुस्तकातली रंगीत चित्रंही त्याचीच. विज्ञान, ध्रुव आणि चित्रकला एकाच माणसात!

यमाईच्या वाटेवर

आता आडनावाकडे या. पंत. अदिती पंत म्हणजे मुत्सद्दी अप्पासाहेब पंतांची मुलगी आणि औंधचे राजे भवानराव, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांची नात.

औंध आणि आपलं भोर ही इतिहासातली शेजारी घरं. राजाराम महाराज जिंजीला होते तेव्हा मागे स्वराज्य सांभाळणाऱ्यांत भोरच्या घराण्याचे शंकराजी नारायण सचिव होते आणि औंधच्या घराण्याचे परशुराम त्रिंबकही होते. पुढे इंग्रजी अमलात दोन्ही साताऱ्याच्या जहागिरी म्हणून राहिल्या, आणि १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं विलीन झाली.

भवानरावांना आपण ओळखतो ते सूर्यनमस्काराचे प्रचारक म्हणून. पण ते स्वतः चित्रकार होते. रामायणावर त्यांनी चित्रमालिका काढली. १९३८ मध्ये त्यांनी औंधच्या डोंगरावर भवानी संग्रहालय उभं केलं. तिथे राजा रविवर्मा आहेत, धुरंधर आहेत, जुनी लघुचित्रं आहेत. आणि तिथे हेन्री मूर आहे. हो, तोच. विसाव्या शतकातला जगातला एक सर्वात मोठा शिल्पकार, यॉर्कशरच्या खाणकामगाराचा मुलगा. आई आणि मूल हा विषय त्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा हाताळला. त्यातलं एक 'आई आणि मूल' आपल्या सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे.

मला त्यात सगळ्यात भारी वाटते ती जागा. हे संग्रहालय यमाईच्या मूळपीठाच्या डोंगरावर आहे. म्हणजे देवीला नारळ घेऊन चाललेली बाई, नवस फेडायला आलेलं कुटुंब, सगळे त्याच वाटेने जातात. तिथे ज्या दिवशी मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा माझ्यापुढे एक आजी होत्या. कपाळभर मळवट, हातात परडी. मूरच्या शिल्पापुढे उभ्या राहिल्या आणि सोबतच्या नातीला म्हणाल्या, "बघ, पोराला कसं धरलंय." बस्स. कलासमीक्षकाने चार पानांत हेच लिहिलं असतं.

"राजाची नात होती म्हणून…"

हा आक्षेप येणारच, आणि तो रास्त आहे. राजाच्या घरात जन्म, वडील राजदूत, परदेशात शिक्षण. आमच्या वेल्ह्यातल्या पोरीने अंटार्क्टिका म्हटलं तर तिला कोण पाठवणार?

मी हे टाळणार नाही. नाद जोपासायला पैसा लागतो, वेळ लागतो, ओळखी लागतात. पण औंधचा हिशेब नुसता घरापुरता नव्हता. साने गुरुजी काही काळ औंधच्या शाळेत शिकले, गरिबीत, हाताने स्वयंपाक करून. ग. दि. माडगूळकरही तिथे शिकले. १९३९ मध्ये तर राजाने स्वतःची सत्ताच लोकांना देऊन टाकली. गांधीजींच्या सल्ल्याने औंधला स्वराज्याची घटना मिळाली. त्या कामात अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर पुढे होते. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ला तिचीच प्रेरणा.

आणि औंध हे काही बडोदा-ग्वाल्हेरसारखं श्रीमंत संस्थान नव्हतं. छोटं, दुष्काळी, कमी उत्पन्नाचं. म्हणून मला वाटतं, प्रश्न राजा होता की नव्हता इथे संपत नाही. नाद असलेल्या माणसाने दार उघडं ठेवलं की लावून घेतलं, हे बघायला हवं.

आधी ग्लासगो, मग घर

उलटं उदाहरण बघा. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. गोव्यातल्या साळगावचे सूझा, अमरावतीकडचे गाडे, शिवाय रझा, हुसेन, आरा, बाकरे. भारतीय आधुनिक चित्रकलेचा हा पाया. पण १९४९ मध्ये सूझा लंडनला गेले, १९५० मध्ये रझा पॅरिसला. तिकडे नाव झालं, मग इकडे किंमत कळली.

व्हिस्कीचंही तेच. आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून खपणाऱ्या बहुतेक मालात उसाच्या मळीचं स्पिरिट मोठ्या प्रमाणात असतं. निव्वळ जवाची सिंगल माल्ट बंगळुरूच्या अमृतने आणली २००४ मध्ये, पण पहिल्यांदा कुठे? ग्लासगोत! गोव्यात कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉनसुद्धा २०१२ मध्ये आधी ब्रिटनमध्येच आली. खरं तर आपल्या हवेत व्हिस्की बनवणं म्हणजे तोट्याचा धंदा. ओकच्या पिंपात ती मुरते तेव्हा काही भाग उडून जातो, त्याला तिकडे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये तो वर्षाला साधारण दोन टक्के. आपल्या उन्हात त्याच्या कितीतरी पट. पण त्याच उष्णतेने लाकडाची चव लवकर उतरते, म्हणून बारा वर्षं थांबावं लागत नाही. इथल्या हवेचा तोटा ओळखून त्यातूनच काढलेली चव आहे ती. नक्कल म्हणून सोडून देता येत नाही.

तर एकीकडे आपलीच माणसं आणि आपलाच माल परदेशाचा शिक्का घेऊन घरी येतात. आणि दुसरीकडे, १९३८ मध्ये, एक छोट्या संस्थानाचा राजा चित्रं-शिल्पं गोळा करून यमाईच्या डोंगरावर आणून ठेवतो, की या, बघा. त्या घरातली नात पुढे बर्फाच्या खंडावर जाते. संग्रहालयामुळेच ती गेली असं मी म्हणणार नाही, इतिहास इतका सरळ चालत नाही. पण ज्या घरात 'हे आपलं नाही' हे वाक्य बोललं जात नव्हतं, त्या घरातून ती गेली, एवढं नक्की.

आणि आठवा त्या बाटल्या, तपासून परत झोपडीत ठेवलेल्या. जपून ठेवलेली आणि सगळ्यांसाठी ठेवलेली गोष्ट कुणा एकाची राहत नाही. 'आपलं' होण्याची ही एवढीच रीत आहे.

आपल्या भोरचा राजवाडा आपण कित्येक सिनेमांत पाहतो. शूटिंग असलं की गेटवर गर्दी करतो. त्यातली एखादी खोली भिंतीवर चार चांगली चित्रं लावून शाळेच्या पोरांसाठी वर्षभर उघडी राहिली तर? त्या पोरांतल्या एकीला उद्या कुठला नाद लागेल, ते आज कोण सांगणार?

तोवर एक काम करा. रविवारी गाडी काढा. शिरवळ, खंबाटकी, सातारा, रहिमतपूर, औंध. डबा घरचा न्या. डोंगर चढा, यमाईचं दर्शन घ्या आणि संग्रहालयात हेन्री मूर शोधा. सोबत आजीला नेता आलं तर फारच छान. ती काय म्हणाली ते मला व्हॉइस नोट करून पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये वाजवतो. चला, भेटू!