पेशींना बूड टेकायला जागा

पावसाळ्यात पोलादपूरकडे दगडी गडग्यांवर शेवाळ कसं भराभर धरतं! खिडकीच्या काचेवर मात्र तसं नाही. शरीरातल्या बहुतेक पेशींचेही असेच नखरे. नुसत्या पोषक द्रवात तरंगत ठेवल्या तर मरतात. त्यांना बूड टेकायला जागा लागते.

मुंबई विद्यापीठातून १९४९ मध्ये पीएच.डी. झालेल्या पुण्याच्या कमल रणदिवे पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय (हो, उच्चार तसाच!) यांच्याकडे ऊतिसंवर्धन शिकल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्सच्या पेशी तिला न विचारताच वाढवल्या गेल्या. १९५६ मध्ये गाय आणि एरमन यांनी उंदराच्या शेपटीतल्या कोलॅजेनचा पारदर्शक थर देऊन त्यावर पेशी वाढवल्या. कोलॅजेन म्हणजे निसर्गाचं पॉलिमरच की! रणदिवेबाईंनी १९६० च्या दशकात मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

आमच्या धंद्यात प्रोग्रॅम मिरवतो, खालच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कोणी नावही घेत नाही. इथेही तसंच.

नंतर पॉलिस्टायरीनच्या बशा आल्या. हे प्लॅस्टिक पाणी झटकतं, म्हणून प्लाझ्माने त्याचा पृष्ठभाग पाण्याला सलगी करणारा करतात. पण चिकटलेल्या पेशी सोडवायच्या कशा? ट्रिप्सिन घातलं तर पेशींमधले दुवेही तुटतात. १९९० मध्ये जपानात ओकानो आणि सहकाऱ्यांनी असा थर केला, की ३७ अंशांवर पेशी चिकटतात आणि ३२ च्या खाली थर पाणी पिऊन फुगतो. मग तव्यावरचं घावन सुटावं तशी पेशींची अख्खी चादर सुटते! थर मात्र वीसेक नॅनोमीटरचाच हवा; तिसाच्या वर गेला की पेशी मुळात चिकटतच नाहीत.