खाच तीन, खाच एक

जुलैतला शनिवार. राजमाचीचा डोंगर ढगात, कोंडाण्यात लावणीची घाई. मामांच्या पडवीत सनचं स्पार्कस्टेशन ५ हे मशीन, १९९४ चं मॉडेल, त्यावर सोलारिस २.६. निवृत्त होताना ऑफिसच्या भंगारातून आणलेलं. अंगणातल्या पर्जन्यमापकाचा रोजचा आकडा मामा त्यातच टिपत. बॅकअपची एक टेप होती. ती वाचता येते का, हे कुणी बघितलं नव्हतं.

खालच्या वेळा भिंतीवरच्या घड्याळाच्या. मशीनचं घड्याळ त्या दिवशी बदललेल्या चिपमध्येच होतं.

दुपारी ४. भाच्याने एनव्हीरॅमची चिप बदलली. तिची बॅटरी चिपच्या पोटातच बंद असते आणि साधारण दहा वर्षांत संपते. बसल्या बैठकीला रिकाम्या खाचेत नवी डिस्कही बसवली. एका वेळी दोन बदल; माझ्या मते त्या दिवसाचं गणित इथेच फसलं.

५.१५. आयडीप्रॉममधला मजकूर अवैध असल्याची तक्रार पडद्यावर आली आणि मागोमाग एआरपी/आरएआरपी पॅकेटची वाट बघून थकल्याची एकच ओळ, पुन्हा पुन्हा. कोऱ्या चिपमुळे मशीन तपासणीच्या अवस्थेत गेलं होतं आणि डिस्क सोडून नेटवर्कवरून सुरू होऊ पाहत होतं. डिस्क ठणठणीत होती.

६.००. "मामा, डिस्कच गेली वाटतं. जागा बदलून बघतो." जुनी डिस्क खाच तीनमधून एकमध्ये, नवी तीनमध्ये. या मशीनमध्ये डिस्कचा स्कझी क्रमांक जंपरने नव्हे, खाचेने ठरतो. म्हणजे सकाळपर्यंत जी सी०टी३डी० होती, ती आता सी०टी१डी० झाली. पडद्यावर तीच ओळ. डिस्का तशाच राहिल्या.

७.३०. मामांना आठवलं. स्टॉप आणि ए एकदम दाबून ओके प्रॉम्प्ट, मग डायग-स्विच फॉल्स. इथरनेटचा पत्ता आणि होस्टआयडी जुन्या वहीतून पुन्हा भरले. इतकं निगुतीचं काम संबंध संध्याकाळभरात दुसरं झालं नाही.

९.००. वीज गेली.

१०.२०. आली. बूट केलं तर मशीनने सवयीप्रमाणे खाच तीन उघडली. तिथे कोरी डिस्क. प्रोब-स्कझीने दोन्ही डिस्का दाखवल्या. बूट डिस्क१ म्हणताच कर्नल वर आला, पण व्हीएफएसटॅबमध्ये रूटचा पत्ता अजून सी०टी३डी०एस० असाच. एफएससीकेला तिथे काही सापडेना, मशीन रूटचा पासवर्ड मागून देखभालीच्या शेलमध्ये थांबलं. खरं तर सुटका एका हाताच्या अंतरावर होती: बंद करा, डिस्का आपापल्या खाचेत घाला.

११.१०. मामा म्हणाले, "राहू दे रे, सकाळी बघू." भाचा म्हणाला, "निदान नवी डिस्क तयार करून ठेवतो." दुपारपासून त्याच्या डोक्यात नवी म्हणजे खाच एक. त्या खाचेत पूर्वी कधीतरी एक डिस्क असायची, त्यामुळे सी०टी१डी० हे नावही डेव्ह डिरेक्टरीत तयार होतं.

११.४०. न्यूएफएस, सी०टी१डी०एस७. कोऱ्या डिस्कवर सातवा भाग आखलेला असणारच कसा? मशीनने कुरकुर करायला हवी होती. ती झाली नाही, हीच शेवटची खूण. नवी फाइल सिस्टिम बांधू का, हो की नाही? वाय. मग ३२ पासून सुपरब्लॉकचे आकडे भराभर सरकत गेले. एस७ वर मामांचं होम होतं. माउंट असतं तर न्यूएफएसने हात लावला नसता. देखभालीच्या शेलमध्ये ते माउंटच झालेलं नव्हतं.

१२.२५. डिस्का पूर्ववत लावल्या. मशीन पहिल्या फटक्यात, विनातक्रार सुरू झालं. होममध्ये लॉस्ट+फाउंड ही एकच डिरेक्टरी.

१.००. टेप लावली. वाचली जाईना. ३२ व्या ब्लॉकवरची सुपरब्लॉकची प्रत वापरण्यातही अर्थ नव्हता, कारण तीही नव्यानेच लिहिली गेली होती. आयनोड पुसले गेले, म्हणजे कुठली फाइल कुठे हे सांगणारं कुणी उरलं नाही. मजकुराचे ब्लॉक मात्र न्यूएफएस सहसा पुसत नाही.

रविवारी सकाळी भाच्याने डीडीने अख्ख्या एस७ ची प्रत नव्या डिस्कवर घेतली, या वेळी दोन्ही खाचांवर स्केचपेनने क्रमांक लिहून, आणि त्या प्रतीवर स्ट्रिंग्ज चालवलं. पावसाचे आकडे तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडू लागले. तारखा पुष्कळ ठिकाणी तुटलेल्या. त्या जुळवायला मामा बसले.