फ्लोटिंग पॉइंट अपवाद
संगणकाच्या अपूर्णांकी गणितात उद्भवणारी असाधारण स्थिती. आयईईई ७५४ (१९८५) या मानकाने पाच अपवाद ठरवले : अवैध क्रिया, शून्याने भागाकार, अतिप्रवाह, न्यूनप्रवाह आणि अयथार्थ उत्तर. समजा, दुधनीच्या बाजारात एखाद्या दिवशी तुरीची आवकच नाही. सरासरी भाव ०/० होतो. प्रोग्राम थांबत नाही. ‘नॅन’ (‘संख्या नाही’) हे मूल्य मुकाट्याने पुढच्या प्रत्येक बेरजेत झिरपते आणि चूक एकीकडे, लक्षण भलतीकडेच दिसते. चूक शोधण्यातली खरी अडचण हीच. लिनक्सच्या ग्लिबसी या सी लायब्ररीतील ‘फीइनेबलएक्सेप्ट’ फंक्शनने सापळा लावला, की सिगएफपीई हा सिग्नल येतो आणि डीबगर दोषी ओळीपाशी थांबतो. अयथार्थ उत्तरासाठी मात्र सापळा लावू नये. १/३ सारख्या साध्या भागाकारातही प्रोग्राम त्यात अडकतो. सिगएफपीईच्या नावातील ‘फ्लोटिंग पॉइंट’वर (एफपी) विसंबू नये : इंटेलच्या प्रोसेसरवर पूर्णांकाला शून्याने भागले तरी तोच सिग्नल येतो.