कात्रीपासून आज्ञावलीपर्यंत

भंडारा हे पितळेचे गाव. भांड्यावरचा बारीक पोचा डोळ्यांना दिसण्यापूर्वी कारागिराच्या बोटाला कळतो, हे येथील श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. विज्ञानाने बोटाची हीच रीत अणूपर्यंत नेली. त्या इतिहासातून जो प्रश्न उभा राहतो तो मात्र असा की, बोटाला जे कळले त्याचे चित्र कोणी काढावयाचे, आणि त्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा?

१९८१ साली झुरिचजवळ आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग व हाइनरिख रोरर यांनी धातूची अणकुचीदार सुई पृष्ठभागापासून सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या अंतरावर धरली आणि मधल्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहावरून उंचसखलपणा मोजला. सिलिकॉनवरील अणूंची त्यांना दिसलेली मांडणी १९८३ साली प्रसिद्ध झाली. तिची प्रतिकृती त्यांनी कशी केली? यंत्राने कागदावर ओढलेल्या रेघा कात्रीने कापून, प्लेक्सिग्लास व खिळे वापरून त्या एकामागे एक उभ्या केल्या! १९८६ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांना वाटा मिळाला.

आपल्याकडे पुणे विद्यापीठात प्रा. सी. व्ही. धर्माधिकारी व त्यांचे विद्यार्थी यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून असे सूक्ष्मदर्शक स्वतः बांधले. मोडीतल्या संगणकांच्या मोटारी, मोटारगाडीच्या टायरच्या ट्यूबा, वाण्याची वजने, स्वयंपाकघरातील अॅल्युमिनियमची भांडी, शिवणयंत्राच्या बॉबिनी असले सामान त्यांनी कामी आणले. पंकज सेखसरिया यांनी हा इतिहास लिहून ठेवला आहे. यंत्र ज्याने हाताने जुळविले, त्याला त्याची खोडही ठाऊक असते, हे त्यातून आम्ही शिकावे.

आता कात्रीचे काम संगणकाची आज्ञावली करते. नमुना तिरपा बसला असेल तर ती उतार वजा करते. प्रत्येक ओळीची सरासरी एका पातळीवर आणते. उपाय चांगला, पण ओळीत एखादा उंच कण असला तर त्याच्यापायी सारी ओळ खाली दाबली जाते आणि कणाच्या दोन्ही बाजूंस नसलेला खळगा दिसू लागतो. म्हणून आधी तो कण हिशेबातून वगळावा लागतो. पृष्ठभाग जास्त गुळगुळीत केला, तर खरा खडबडीतपणाच नाहीसा होतो. चित्र देखणे होते आणि माप खोटे!

मग आज्ञावली निवडावी कशी? माद्रिदहून आलेली 'डब्ल्यू.एस.एक्स.एम.' विनामूल्य मिळते व तिचा वापरही मोठा आहे. झेक प्रजासत्ताकातील मापनशास्त्र संस्थेच्या आधाराने २००४ पासून वाढलेली 'ग्विडिऑन' हीदेखील विनामूल्य आहे. शिवाय तिची आतली घडण कोणालाही वाचता येते आणि चित्रावर काय काय केले याची नोंदही ती ठेवते. जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयास पैसा वाचतो ही सोय झाली. आमच्या मते मोठी गोष्ट अशी की, तेथील विद्यार्थ्याला गणित उघडून तपासता येते.

तरी कोणतीही आज्ञावली घ्या, मूळ आकडे जपून ठेवावेत, ज्याची उंची आधीच ठाऊक आहे अशा नमुन्यावर तिची परीक्षा घ्यावी, आणि चित्राबरोबर केलेल्या क्रियाही सांगाव्यात. झुरिचच्या त्या कागदी रेघा कोणालाही मोजून पाहता येत होत्या. संगणकाच्या चित्राकडूनही आपण तेवढेच मागावयाचे आहे.