जुन्या फोटोतली गाडी कोणती आणि कोणत्या सालची? मोबाईलवरून असं शोधा

घरात जुना अल्बम असेल तर त्यात एक तरी फोटो असा सापडतोच, ज्यात कुणीतरी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून ऐटीत उभं आहे. गाडी बहुतेक वेळा त्यांची नसते, पण फोटोचं साल शोधायला तिच्यासारखा साक्षीदार नाही. कपडे आणि केशरचना वर्षानुवर्षं तशाच राहतात, गाडीची जाळी मात्र कंपनी ठराविक वर्षी बदलते.

मी यात पडलो ते आजीमुळे. आजी, म्हणजे आईची आई, आता 82 वर्षांची आहे. तिचे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, 1959 मध्ये गेले. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता. मागच्या दिवाळीत ट्रंकेच्या तळाशी एक काळा-पांढरा फोटो निघाला. पांढरा शर्ट, धोतर, शेजारी अ‍ॅम्बेसेडर. आजी म्हणाली, "हे अण्णाच! फ्रेम करून आण." मामाला खात्री वाटत नव्हती. ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात "मोबाईलमधलं कळतं" तो मी.

आधी फोटो नीट घ्या

फोटोवर फ्लॅश मारू नका. खिडकीजवळ, सावलीतल्या उजेडात फोटो सपाट ठेवा आणि मोबाईल त्याला अगदी समांतर धरा. ओळखीत कुणाकडे स्कॅनर असेल तर 600 डीपीआयवर स्कॅन करा, छोट्या प्रिंटसाठी त्याचा खूप फायदा होतो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान केला जातो, आणि आपल्याला जे बारीक तपशील हवे असतात तेच आधी जातात.

मग बघा की फोटो उलटा छापलेला तर नाही ना. निगेटिव्ह उलटी ठेवून काढलेल्या प्रिंट भरपूर सापडतात. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. नंबरप्लेटची अक्षरं आरशातल्यासारखी दिसली तर प्रश्नच मिटला. (जत्रेतल्या स्टुडिओत पुठ्ठ्याची गाडी असायची, तीही एकदा तपासा. चाकांची सावली जमिनीवर पडत नसेल तर समजून जा!)

लेन्स काय सांगतं, काय सांगत नाही

गूगल लेन्सला पूर्ण फोटो दिला तर ते माणसं, साडी, झाड सगळंच शोधत बसतं. गाडीपुरता भाग कापून द्या. मग फक्त समोरची जाळी, फक्त मागचा दिवा, फक्त चाक, असे वेगवेगळे तुकडे देऊन बघा. तीन तुकड्यांनी एकच नाव दिलं तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

भारतीय गाड्यांच्या बाबतीत लेन्स हमखास एका ठिकाणी गडबडतं. अ‍ॅम्बेसेडर दाखवली की ते "मॉरिस ऑक्सफर्ड" म्हणतं. पूर्ण चूक नाही ती. हिंदुस्तान मोटर्सने ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरूनच अ‍ॅम्बेसेडर बनवली. प्रीमियर पद्मिनीचं तसंच, तिचं मूळ इटलीची फियाट 1100 डी. म्हणजे नाव विदेशी आलं तरी फोटो तुमच्या गावचा असू शकतो, आणि विदेशी मॉडेलचं साल आपल्या गाडीला लावलं तर मोठा घोटाळा होतो. तिकडे ऑक्सफर्डचं ते मॉडेल केव्हाच बंद झालं, इकडे अ‍ॅम्बेसेडर 2014 पर्यंत बनत राहिली.

आपल्या अल्बममधल्या गाड्या

1920 ते 40 च्या दशकातली गाडी असेल तर ढोबळ खुणा पुरतात. दाराखाली पाय ठेवायची लांब फळी, वेगळे उभे असलेले हेडलाईट, तारांच्या किंवा लाकडी आऱ्यांची चाकं, हे सगळं असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. हेडलाईट मडगार्डमध्ये बसलेले पण समोरची काच मध्ये पट्टी देऊन दोन तुकड्यांची असेल तर साधारण 40 चं दशक. मुंबईतल्या जुन्या फोटोंत शेवरोले जास्त दिसतात, त्याचं कारण जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईतच गाड्या जोडायला सुरुवात केली होती.

पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सापडतात त्या त्यानंतरच्या, आणि त्यात खरी मजा आहे.

गोलमटोल, पुढून नाकाडी दिसणारी फियाट असेल तर ती 50 च्या दशकातली फियाट 1100. मुंबई-पुण्याकडचे जुने लोक तिला लाडाने "डुक्कर फियाट" म्हणतात. आजोबांना हा शब्द विचारा, पुढचा अर्धा तास ते बोलतील. ही गाडी जोडणारी प्रीमियर कंपनी वालचंद हिराचंद यांची, कारखाना कुर्ल्याला. 1964 ला चौकोनी अंगाची, मागे छोटे पंख असलेली 1100 डिलाईट आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पूर्वी हीच असायची. बाहेरून डिलाईट आणि पद्मिनी बरीच सारखी दिसते, म्हणून मागचं नाव वाचता आलं तरच पक्कं बोला.

अ‍ॅम्बेसेडर 1957-58 ला आली. 1962 च्या सुमारास मार्क टू आली, तिच्या जाळीत दाट बारीक चौकटी आहेत. 1975 ला मार्क थ्री. 1979 च्या मार्क फोरमध्ये समोरचे गोल पार्किंग दिवे जाऊन चौकोनी आले. मारुती 800 दिसली तर डिसेंबर 1983 नंतरचा फोटो, यात वाद नाही.

नंबरप्लेट

1989 मध्ये आजची पद्धत आली, एमएच-12 वगैरे. त्याआधी तीन अक्षरं आणि जास्तीत जास्त चार आकडे असायचे, खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत. मुंबई राज्य होतं तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांचं पहिलं अक्षर "बी" असायचं, 1960 ला महाराष्ट्र झाल्यावर नव्या गाड्यांना "एम" मिळू लागलं. फक्त सावध रहा, म्हैसूर आणि मद्रासच्या गाड्यांनाही "एम" होतंच, दुसरं अक्षर बघावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडी सांगते ती फक्त "याच्या आधीचा नाही" एवढी हद्द. आपल्याकडे गाडी वीस-वीस वर्षं वापरायचे. डुक्कर फियाटसमोरचा फोटो 1975 चाही असू शकतो. आणखी खुणा फोटोच्या मागे शोधा. स्टुडिओच्या शिक्क्यात पिनकोड असेल तर प्रिंट 15 ऑगस्ट 1972 नंतरची, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. तारीख, धोब्याचा हिशोब, काहीही लिहिलेलं असो, वाचा.

माझी चूक

आजीच्या फोटोत जाळी धूसर होती आणि प्लेटचं पहिलंच अक्षर अर्धवट दिसत होतं. मी फोटो एआयने सुधारणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये टाकला. काय सुंदर आला! जाळी गुळगुळीत, प्लेटवर स्वच्छ "बी". म्हणजे मार्क वन, मुंबई राज्य, 1958-59. अण्णा! मी आजीला फोन करून सांगितलंसुद्धा. ती रडली.

दोन दिवसांनी फ्रेमवाल्याकडे द्यायच्या आधी सहज मूळ प्रिंटवर भिंग धरलं. जाळीत बारीक चौकटी होत्या. आणि अक्षर "बी" नव्हतं, "एम" होतं, मधला खाचा अगदी दिसत होता.

असं का झालं? हे अ‍ॅप धूसर भागात लपलेलं काही शोधून काढत नाही. तिथे काय असू शकेल याचा अंदाज बांधून ते नवीन चित्र काढतं. चेहऱ्याला ते चालून जातं (खरं तर तिथेही नाही), पण अक्षर आणि जाळी म्हणजे आपला पुरावा. अंदाजाने काढलेला पुरावा घेऊन मी एका म्हातारीला तिचे वडील परत दिले होते. रंग भरणाऱ्या अ‍ॅपचंही तेच, गाडीचा रंग त्यावरून कधीच ठरवू नका. सुधारलेली प्रत भिंतीवर लावायला ठेवा, तपासायला नेहमी मूळ स्कॅनच घ्या. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवणं ठीक आहे, त्यात नवीन काही काढलं जात नाही.

सांगावं की नाही, यात आठवडा गेला. शेवटी गावी जाऊन तिच्यासमोर मूळ फोटो आणि भिंग ठेवलं, चौकटी दाखवल्या, अक्षर दाखवलं. म्हटलं, "आजी, ही गाडीच अण्णांच्या नंतरची आहे गं. माझं चुकलं."

ती बराच वेळ भिंगातून बघत राहिली. गाडीकडे नाही, हाताकडे. "घड्याळ उजव्या हातात आहे," ती म्हणाली. "फोटो उलटा तर नाही ना रे?"

"नाही, प्लेट सरळ आहे."

"मग हा दादा. तोच बांधायचा उजव्या हातात, अण्णा ओरडायचे त्याला. अण्णांसारखाच दिसायला लागला होता नंतर."

फ्रेम झाली आहे. फोटोच्या मागे मी मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहिलंय: "आजीचा दादा. अ‍ॅम्बेसेडर मार्क टू. 1962 किंवा नंतर." पेन वापरू नका, शाई पुढच्या बाजूला उमटते.