मेटाडेटा-आधारित सॉफ्टवेअर घटक

डेटाबेसवर चालणाऱ्या प्रणालींत नोंदीचा फॉर्म, यादी, शोध, अहवाल हे भाग पुन्हापुन्हा लागतात. ते प्रत्येक टेबलासाठी वेगळे न लिहिता एकदाच सर्वसाधारण रूपात लिहायचे आणि त्या-त्या टेबलाचे वर्णन पुरवून चालवायचे, ही सॉफ्टवेअर-रचनेची पद्धत. हे वर्णन म्हणजे मेटाडेटा. रकान्याचे नाव, प्रकार, लांबी, तो सक्तीचा की ऐच्छिक, पडद्यावरचे शीर्षक, दुसऱ्या टेबलाशी असलेले नाते, पाहण्याची व बदलण्याची परवानगी, हे सारे त्यात येते. घटक चालताना वर्णन वाचतो व त्याप्रमाणे वागतो. ‘ग्राहक’ किंवा ‘पुरवठादार’ हे शब्द त्याच्या कोडमध्ये कुठेही येत नाहीत; तसे ते आले, तर घटक सर्वसाधारण राहिला नाही असे समजावे.

पुन्हा वापरता येणाऱ्या घटकांची कल्पना डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे भरलेल्या नाटो परिषदेत ठामपणे मांडली. माहिती टेबलांत मांडण्याच्या रिलेशनल मॉडेलवरील एडगर कॉड यांचा निबंध १९७० चा. कॉड यांनी १९८५ मध्ये रिलेशनल डेटाबेससाठी सांगितलेल्या नियमांपैकी चौथा या विषयाचा पाया आहे: डेटाबेसचे स्वतःचे वर्णनही टेबलांतच ठेवावे आणि ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावे. १९९२ च्या एसक्यूएल मानकात ‘इन्फर्मेशन स्कीमा’ या नावाने त्याला ठरावीक रूप मिळाले.

मात्र डेटाबेसचे स्वतःचे हे वर्णन, म्हणजे त्याचा कॅटलॉग, अपुरा पडतो. रकाना १५ अक्षरांचा आहे एवढे तो सांगतो. त्या रकान्याला माणसाने काय म्हणायचे, तो कसा छापायचा, हे कॅटलॉग सांगत नाही. ही पोकळी भरण्याचे प्रयत्न वेगवेगळे झाले. पॉवरबिल्डर या विकास-साधनाने शीर्षके, छापण्याचे नमुने आणि तपासणीचे नियम ठेवण्यासाठी डेटाबेसमध्येच स्वतःची काही टेबले घातली. बोर्लंडच्या डेल्फीत (१९९५) पडद्यावरचा घटक मधल्या ‘डेटासोर्स’मार्गे डेटासेटशी जोडला जाई, आणि शीर्षक, सक्ती, नमुना ही माहिती डेटासेटमधल्या ‘फील्ड’ वस्तूकडे असे.

या साऱ्यांत सर्वांत विचारपूर्वक केलेली रचना सॅप या व्यवसाय-सॉफ्टवेअरच्या डेटा डिक्शनरीची म्हणावी लागेल. तिथे रकान्याचे तांत्रिक रूप ‘डोमेन’मध्ये आणि अर्थ ‘डेटा एलिमेंट’मध्ये असतो. बिलाची तारीख व देय तारीख यांचे डोमेन एकच असू शकते, पण डेटा एलिमेंट दोन. शीर्षकाचे लघु, मध्यम व दीर्घ पर्याय आणि त्यांची भाषांतरे डेटा एलिमेंटला चिकटलेली असल्याने भाषांतर एकदाच करावे लागते. तो एलिमेंट वापरणारा प्रत्येक पडदा तेच शीर्षक उचलतो.

वर्णन एका जागी असण्याची किंमत भारतात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा कळून आली. व्हॅटचा ११ अंकी टिन जाऊन १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक आला. सुरुवातीला राज्याचा संकेतांक (महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०), मग १० अक्षरांचा पॅन. जिथे लांबी आणि शीर्षक वर्णनात होते तिथे हा बदल एका नोंदीचा होता. जिथे ते पडद्यापडद्यांत विखुरले होते तिथे प्रत्येक पडदा आणि छापील बिल शोधून बदलणे भाग होते.

याच क्रमांकावरून या पद्धतीची सीमाही दिसते. त्यातले शेवटचे अक्षर आधीच्या १४ अक्षरांवरून गणिताने ठरते, आणि हे गणित वर्णनात बसवू नये. वर्णनात तपासणीचे फक्त नाव असावे. तपासणी साध्या कोडमध्ये लिहून त्या नावाने नोंदवावी. अटी, फेरे आणि सूत्रे वर्णनातच घालत गेले की हळूहळू त्याचीच एक कच्ची प्रोग्रॅमिंग भाषा होते. तिला ना डीबगर असतो, ना नीट चूक-संदेश. या पद्धतीचे प्रकल्प बहुधा इथेच फसतात.

मुंबईत विकसित झालेल्या फ्रॅपे या मुक्तस्रोत चौकटीत, जिच्यावर ईआरपीनेक्स्ट ही व्यवसाय-व्यवस्थापन प्रणाली उभी आहे, ही सीमा चांगली पाळलेली आहे. तिचे एकक ‘डॉकटाइप’. डॉकटाइप जतन केला की सहसा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये ‘टॅब’ या उपसर्गाचे टेबल तयार होते आणि फॉर्म, यादी, परवानग्या व बाहेरून वापरण्याचा एपीआय आपोआप मिळतो. प्रत्येक टेबलात नाव, मालक, निर्मितीची वेळ हे रकाने ठरलेले. दस्तऐवजाची अवस्थाही एका रकान्यात: ० म्हणजे कच्चा, १ म्हणजे दाखल, २ म्हणजे रद्द. व्यवसायाचे नियम मात्र पायथनच्या वर्गात लिहायचे. डॉकटाइप हाही एक डॉकटाइपच आहे. फॉर्म घडवण्याचा फॉर्म त्याच घटकाने चालतो. स्वतःच्याच वर्णनावर चालू शकणे ही सर्वसाधारण घटकाची खरी कसोटी आहे, आणि फ्रॅपे त्या कसोटीला उतरते.

सेल्सफोर्स या क्लाउड सेवेची वाट वेगळी. असंख्य ग्राहकसंस्था एकाच डेटाबेसमध्ये असल्याने प्रत्येकीसाठी वेगळी टेबले करणे तिला परवडत नाही. ‘व्हॅल्यू०’ ते ‘व्हॅल्यू५००’ अशा बिननावी रकान्यांत मजकूर साठवला जातो आणि कुठल्या रकान्याचा अर्थ काय हे मेटाडेटा ठरवतो. अशा रकान्यात तारीख व रक्कमही मजकूर म्हणूनच असल्यामुळे जलद शोधासाठी प्रकारवार रकाने असलेले वेगळे टेबल राखावे लागते. एका संस्थेपुरत्या प्रणालीने हा मार्ग घेऊ नये. खरे रकाने असताना डेटाबेस स्वतःच प्रकार तपासतो आणि इंडेक्स सांभाळतो.

वर्णन हाही कोडच समजून त्याच्या आवृत्त्या ठेवाव्या लागतात. फ्रॅपेत विकसक-अवस्थेत डॉकटाइप जेसन फाइलमध्ये लिहिला जातो आणि कोडसोबत जपला जातो. वापरणाऱ्या संस्थेने वाढवलेले रकाने ‘कस्टम फील्ड’ म्हणून, तर बदललेले गुणधर्म ‘प्रॉपर्टी सेटर’ म्हणून निराळे राहतात. मूळ वर्णन व हे बदल चालताना एकत्र वाचले जातात, त्यामुळे नवी आवृत्ती चढवताना संस्थेचे बदल पुसले जात नाहीत.